चिरकारी त्वचाशोथ व कर्करोग

चिरकारी त्वचाशोथ व कर्करोग : त्वचेचा शोथ (दाहयुक्त सूज) दीर्घकाळ टिकून राहिल्यास त्या जागी किंवा शरीरात अन्यत्र कर्करोग उद्भवण्याचा धोका वाढतो काय, हा प्रश्न वैद्यकात सुमारे दोनशे वर्षे चर्चिला जात आहे. सोरायसिस, इसब, लायकेन प्लेनस यांसारखे वर्षानुवर्षे टिकणारे रोग, तसेच न भरणारे जुने व्रण यांचा विचार या संदर्भात केला जातो. अशा रोग्यांमध्ये कर्करोग आढळला की, त्याचा दोष प्रथम मूळ रोगाकडे दिला जाई. अधिक शोध घेतल्यावर मात्र कधी रोग, कधी त्यावरील उपचार, तर कधी चुकलेले निदान कारणीभूत असल्याचे दिसून आले. ही कारणे एकमेकांपासून वेगळी कशी करण्यात आली, हाच या विषयाचा इतिहास होय.

जुने व्रण व वण : १८२८ मध्ये फ्रेंच शस्त्रक्रियाविशारद झां निकोलस मार्जोलँ (१७८०–१८५०) यांनी जुन्या वणांवर उद्भवणाऱ्या चामखिळीसारख्या व्रणांचे वर्णन केले. हे व्रण कर्करोगाचे असतात, असे त्यांनी स्वतः मानले नव्हते. पुढे डब्लिन येथील रॉबर्ट स्मिथ आणि अमेरिकन शस्त्रक्रियाविशारद द कोस्ता (१९०३) यांच्या लेखनामुळे वणातील मारक बदलाला मार्जोलँ यांचे नाव मिळाले. भाजल्यानंतरचा वण, अस्थिशोथामुळे वाहत राहिलेले नाडीव्रण आणि कुष्ठरोगात बधिर झालेल्या तळपायावरील व्रण यांत असा बदल होऊ शकतो. त्यासाठी बहुधा कित्येक वर्षे, बऱ्याचदा तीस वर्षांहून अधिक काळ लागतो. जर्मन विकृतिवैज्ञानिक रूडोल्फ फिरखो यांनी १८६३ मध्ये चिरकारी क्षोभ व अर्बुदे यांचा संबंध मांडला, तेव्हा अशा निरीक्षणांना एक सैद्धांतिक बैठक मिळाली.

भारतातील निरीक्षणे : क्षोभाच्या सिद्धांताला भारतातून दोन लक्षणीय उदाहरणे मिळाली. काश्मीरमध्ये थंडीच्या दिवसांत निखाऱ्यांनी भरलेली कांगडी फेरनाच्या आत, पोटाशी व मांड्यांशी धरून वापरण्याची रीत आहे. सततच्या उष्णतेने तेथील त्वचा लालसर तपकिरी व जाळीदार दिसू लागते आणि काही व्यक्तींत पुढे त्या जागी कर्करोग होतो. श्रीनगर येथे काम करणारे मिशनरी डॉक्टर विल्यम एल्म्‌स्ली यांनी १८६६ मध्ये या प्रकाराकडे लक्ष वेधले. दुसरे उदाहरण मुंबईचे आहे. टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिवैज्ञानिक वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) व त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये ‘धोतर कर्करोगा’चे वर्णन केले. कमरेला धोतर वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट कसल्याने त्वचा घासली जाते. तिचा रंग जातो, खवले सुटतात आणि क्वचित प्रसंगी त्या जागी कर्करोग उद्भवतो. साडी नेसणाऱ्या स्त्रियांमध्येही अशी उदाहरणे पुढे नोंदली गेली. मात्र कमरेवर काचलेल्या खुणा असणाऱ्यांच्या संख्येच्या मानाने असे रोगी अगदी थोडे असतात. यावरून केवळ क्षोभ कर्करोगास पुरेसा नसावा, अशी शंका येते.

प्रायोगिक पुरावा : या शंकेचे उत्तर प्रयोगशाळेत मिळाले. टोकिओ येथे यामागिवा व इचिकावा यांनी सशांच्या कानांना दगडी कोळशाचे डांबर दीर्घकाळ लावून १९१५ मध्ये कृत्रिम रीत्या कर्करोग निर्माण केला. त्यानंतर ऑक्सफर्ड येथील इझाक बेरेनब्लूम यांनी १९४१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उंदरांच्या त्वचेवर जमालगोट्याचे तेल वापरले. हे तेल अत्यंत दाहक आहे. तथापि त्या एकट्याने अर्बुदे क्वचितच होत. कर्करोगजनक द्रव्याच्या जोडीला ते लावले असता मात्र अर्बुदांचे प्रमाण पुष्कळ वाढे. सर्वच दाहक द्रव्यांनी हा परिणाम घडत नाही, हेही दिसून आले. म्हणजेच कोशिकेत प्रथम बदल घडवणारे कारण व त्या बदलाला पोसणारा शोथ या दोन वेगळ्या गोष्टी होत.

उपचारांचे दुष्परिणाम : पोटॅशियम आर्सेनाइटाचा ‘फौलर विद्राव’ १७८६ पासून प्रचारात आला व एकोणिसाव्या शतकात सोरायसिसवर तो सर्रास पोटात दिला जाई. १८८७-८८ च्या सुमारास लंडनचे जॉनाथन हचिन्सन यांनी असा उपचार घेतलेल्या रोग्यांच्या तळहातांवर व तळपायांवर शृंगमय उंचवटे येतात आणि त्यांचे पुढे कर्करोगात रूपांतर होऊ शकते, असे दाखवून दिले. पुढे तैवानमध्ये व पश्चिम बंगालमध्ये आर्सेनिकयुक्त भूजल पिणाऱ्या लोकांत हीच लक्षणे आढळली. त्यांना सोरायसिस नव्हता. त्यामुळे दोष औषधाचाच होता, हे निःसंशय सिद्ध झाले.

क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्ये लागला आणि लवकरच त्वचेच्या क्षयावर व इतर त्वचारोगांवर त्यांचा उपयोग होऊ लागला. त्यांमुळे झालेल्या कर्करोगाची पहिली नोंद १९०२ मधील आहे. १९७४ मध्ये बॉस्टन येथे सोरॅलेन पोटात देऊन दीर्घ तरंगलांबीचे जंबुपार किरण त्वचेवर सोडण्याची पद्धत सोरायसिससाठी प्रसिद्ध झाली. सोरॅलेन वर्गातील द्रव्ये बावचीच्या बियांत असतात व कोडावर या बियांचा वापर भारतात प्राचीन काळापासून होत आला आहे. हा उपचार घेतलेल्या सुमारे १,३८० अमेरिकन रोग्यांची दीर्घकाळ पाहणी करण्यात आली. १९७९ मध्येच त्यांच्यात त्वचेचा कर्करोग अधिक असल्याचे दिसले आणि १९९७ मध्ये मेलॅनोमाचा धोकाही उशिराने वाढत असल्याचे प्रसिद्ध झाले. त्यानंतर या उपचाराच्या एकूण मात्रेवर मर्यादा आली.

उलट डांबराचे उदाहरण आहे. सशांना अपायकारक ठरलेले डांबर त्वचारोगांवरील मलमांतही वापरले जाते, म्हणून ते संशयित होते. परंतु सोरायसिस व इसब यांच्या सुमारे १३,२०० रोग्यांच्या नेदर्लंड्समधील पाहणीत (२०१०) त्याच्या उपचारामुळे कर्करोग वाढल्याचे आढळले नाही.

मूळ रोगाचा वाटा : उपचारांचा परिणाम वजा केल्यावर सर्व त्वचारोग सारखे ठरत नाहीत. लायकेन प्लेनस तोंडात असल्यास आणि लायकेन स्क्लेरोसस जननेंद्रियांवर असल्यास थोड्या रोग्यांत त्याच जागी शल्ककोशिका कर्करोग होतो. सोरायसिसच्या चट्ट्यात कोशिकांची वाढ अतिवेगाने होत असूनही प्रत्यक्ष चट्ट्यावर कर्करोग क्वचितच उद्भवतो. सोरायसिसच्या रोग्यांत लसीकार्बुदाचे प्रमाण काहीसे अधिक आढळते. तथापि हा रोग मुळात विरळ असल्याने प्रत्यक्षात वाढणारी रोग्यांची संख्या अल्प असते. धूम्रपान, मद्यपान, स्थूलता व प्रतिरक्षा दडपणारी औषधे यांचाही त्यात वाटा असतो. शिवाय फ्रेंच वैद्य आलीबेर यांनी १८०६ मध्ये वर्णिलेला मायकोसिस फंगॉइडीस हा त्वचेचा लसीकार्बुद प्रारंभी इसब किंवा सोरायसिससारखा दिसतो. अशा वेळी त्वचारोगाचा कर्करोग झालेला नसतो. तो आरंभापासूनच कर्करोग असतो.

व्यावहारिक महत्त्व : शोथातील पांढऱ्या कोशिकांपासून निर्माण होणारी क्रियाशील ऑक्सिजनद्रव्ये डीएनएला इजा करतात व काही संदेशक प्रथिने कोशिकांची वाढ चेतवतात, असे आता ज्ञात आहे. हा परिणाम रोगाचा प्रकार, जागा व काळ यांवर अवलंबून असतो. त्यामुळे कर्करोगाच्या भीतीने सोरायसिस किंवा इसब यांवरील उपचार टाळणे अनाठायी आहे. तसेच औषधे वैद्याच्या देखरेखीविना वर्षानुवर्षे घेत राहणेही धोक्याचे आहे. जुन्या व्रणाची कड उंच व कठीण होणे, त्यातून रक्त येणे, दुर्गंधी वाढणे, तोंडातील चट्ट्यात गाठ होणे किंवा योग्य उपचारांना चट्टा दाद न देणे, ही लक्षणे दिसताच जीवोतक परीक्षा करून घेणे आवश्यक असते. सुरुवातीला असा कर्करोग शस्त्रक्रियेने समूळ काढता येतो. लसीका ग्रंथींत पसरल्यावर मात्र उपचार कठीण होतात.