किलिनाबॉय चर्चचे अवशेष

किलिनाबॉय चर्च : आयर्लंडमधील क्लेअर परगण्यात, बरेन या चुनखडकाच्या पठाराच्या दक्षिणेस, कोरोफिन गावाजवळचे उत्तरमध्ययुगीन पॅरिश चर्च, म्हणजे पंचक्रोशीच्या गावकीचे प्रार्थनास्थळ. परंपरा त्याचा संबंध एका संत स्त्रीशी जोडते. जवळच गोल मनोऱ्याचा बुंधा उरला आहे. त्यावरून येथे आधी मठ होता हे कळते. भिंतींचा काही भाग जुना असला, तरी वास्तूचे आजचे रूप बहुतांशी १५-१६ व्या शतकांतील डागडुजीचे आहे. छप्पर गेले, भिंती उभ्या आहेत. या भिंतींवरील दोन शिल्पांमुळे चर्च प्रसिद्ध आहे. पश्चिमेच्या त्रिकोणी भिंतीत बाहेरच्या अंगाला दोन आडव्या भुजांचा मोठा क्रूस दगडांतच उठावाने रचलेला आहे, तर दक्षिण दाराच्या माथ्यावर ‘शीला-ना-गिग’ प्रकारची नग्न स्त्रीमूर्ती आहे. मोठे डोके, फाकलेले पाय, खाली योनीकडे आणलेले हात. दगड बराच झिजला असला तरी आविर्भाव स्पष्ट कळतो.

ही मूर्ती ख्रिस्तपूर्व देवतेचा अवशेष असावी, असे मत लोकप्रिय आहे. त्याला दुजोरा म्हणून भारतातील अशाच मुद्रेतल्या लज्जागौरी या देवीचे उदाहरण दिले जाते. मराठी वाचकाला तेर व भोकरदन येथील मूर्ती आणि रा. चिं. ढेरे यांचा ‘लज्जागौरी’ हा ग्रंथ आठवणे साहजिक आहे. पण लज्जागौरीच्या धडावर बहुधा मस्तकाच्या जागी कमळ असते, तर शीला-ना-गिगचे डोकेच ठसठशीत असते. शिवाय दोन्हींच्या मध्ये काही शतके आहेत आणि दोघींना जोडणारा दुवा नाही. सारख्या मुद्रेवरून एकच उगम सिद्ध होत नाही. दुसरे मत अँथनी वीअर व जेम्स जर्मन यांनी १९८६ मध्ये मांडले. फ्रान्स-स्पेनमधील रोमनेस्क शैलीच्या चर्चांवरच्या वासनानिषेधक शिल्पांतून ही मूर्ती आली, असे ते म्हणतात. उगमापुरते ते पटते. मात्र तिकडच्या मूर्ती बहुधा छताखालच्या दगडांवर इतर पापचित्रांच्या रांगेत असतात. किलिनाबॉयची मूर्ती दारावर एकटीच आहे. उपदेशाची मालिकाच नसेल, तर हे केवळ उपदेशाचे चित्र कसे मानायचे?

म्हणून मूर्तीच्या उगमापेक्षा तिची जागा अधिक भरवशाचा पुरावा ठरते. आपल्याकडे ललाटबिंबावर, म्हणजे दाराच्या माथ्यावरील मधल्या शिल्पात, कोण आहे, यावरून देवळाच्या दैवताचा अंदाज बांधतात. येथे मूर्ती उपास्य नसली, तरी दारावरची जागा सहज मिळत नाही, हा न्याय लागू पडतो. यावर आक्षेप असा की, जुन्या इमारतीचा दगड हाताशी होता आणि गवंड्याने तो भरीला घातला. दगड आधीचा असू शकतो, हे मान्य. पण भरीचा दगड भिंतीत कुठेही बसतो, उलटाही बसतो. हा दर्शनी भागात, मूर्ती सरळ उभी राहील असा, ये-जा करणाऱ्यांच्या डोक्यावर बसवला आहे. दुसरा आक्षेप धर्मगुरूंच्या नापसंतीचा. १६३१ मध्ये ट्यूअम प्रांताच्या धर्मनियमांनी ‘स्थूल व ओंगळ’ मूर्ती लपवून ठेवण्यास सांगितले होते आणि त्या याच प्रकारच्या असाव्यात, असे अभ्यासक मानतात. किलिनाबॉय त्या प्रांतात नव्हते, तरी काळाचा कल त्यातून दिसतो. पण बंदी घालावी लागते ती रूढ गोष्टीवर. म्हणजे तोवर अशा मूर्ती चर्चमध्ये उघड नांदत होत्या.

यावरून निष्कर्ष निघतो तो असा : मूर्तीचा मूळ अर्थ काहीही असो, उत्तरमध्ययुगात ती गावकीने आपल्या दारावर स्वीकारली होती. बार्बरा फ्रायटॅग यांनी २००४ मध्ये या मूर्तींचा संबंध बाळंतपणाशी जोडला. इतर काही अभ्यासक त्यांना अनिष्टनिवारक मानतात. संरक्षण देणारी मूर्ती उंबरठ्यावर असणे या दोन्ही मतांशी जुळते, गुप्त मूर्तिपूजेशी नव्हे. एका भिंतीवर क्रूस आणि दुसरीवर ही स्त्री, यांत त्या भाविकांना विसंगती वाटली नाही. ती वाटू लागली सतराव्या शतकातील धर्मसुधारकांना.