हजारात किती? एका तुलनेची कुळकथा

आरोग्याच्या आकड्यांची तुलना आपल्याकडे कशी आली हे सांगायचं तर भोर समितीपासून सुरुवात करावी लागते. या समितीचे अध्यक्ष सर जोसेफ विल्यम भोर यांचा जन्म 1878 मध्ये नाशिकला झाला. डेक्कन कॉलेजात शिकून ते पुढे सनदी सेवेत गेले आणि ऑक्टोबर 1943 मध्ये देशाच्या आरोग्याची पाहणी करणाऱ्या समितीचं काम त्यांच्याकडे आलं. कामगारनेते ना. म. जोशी या समितीचे एक सदस्य होते. 1946 मध्ये चार खंडांचा अहवाल आला. भारताचं आरोग्य इतर देशांच्या शेजारी ठेवून पाहण्याची जी रीत आज आपल्या अंगवळणी पडली आहे, ती आपल्याकडे या अहवालाने रुजवली.

अहवालातले आकडे आजही अस्वस्थ करतात. 1937 मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी 162 बाळं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. इंग्लंड-वेल्समध्ये हा आकडा 58 होता, न्यूझीलंडमध्ये 31. आपल्याकडे जन्मणाऱ्याचं सरासरी आयुर्मान सत्तावीस वर्षांच्या आत होतं, न्यूझीलंडमध्ये पासष्टच्या पुढे. आपल्याकडच्या दर शंभर मृत्यूंपैकी सुमारे 48 दहा वर्षांखालच्या मुलांचे असत; इंग्लंड-वेल्समध्ये दहा.

तुलनेची ही रीत मुळात विल्यम फार या इंग्रज वैद्याची. 1839 पासून ते इंग्लंडच्या जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयात होते. त्यांनी देशातले सगळ्यांत निरोगी जिल्हे निवडले. तिथे वर्षाला हजारी सुमारे 17 माणसं मरत. मग बाकीच्या जिल्ह्यांत 17 च्या वर जितकी माणसं मरतात, ते मृत्यू टाळता येण्यासारखे आहेत, असं त्यांनी मांडलं. राज्य तेच, हवामान तेच, काळही तोच. त्यामुळे दैवाकडे किंवा हवेकडे बोट दाखवायला जागा उरली नाही. तुलनेची खरी ताकद इथे आहे. ज्याची परिस्थिती आपल्यासारखी आहे, त्याला जमलं तर आपल्याला का जमलं नाही, हा प्रश्न ती विचारते.

पण तुलनेला आधी नोंद लागते. आपल्या गावांत ती कोतवालाच्या हाती होती. जन्ममृत्यूची ही वही म्हणजे गाव नमुना 14, लोकांच्या तोंडी कोतवाल बुक. जातीच्या दाखल्यासाठी आज तहसील कचेरीत जिची मोडीतली पानं शोधली जातात, तीच ही वही. तिच्यातून कितीतरी जीव निसटत. जन्मून दोन दिवसांत गेलेल्या बाळाचा जन्मही लिहिला जात नसे आणि मृत्यूही. भोर समितीचे आकडे अशाच नोंदींवर उभे होते, म्हणजे खरं चित्र त्याहून वाईट असणार.

ही गळती मोजण्याची युक्ती 1949 मध्ये सी. चंद्रशेखरन आणि अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांनी दिली. एकाच वस्तीची नोंद दोघांनी एकमेकांना न विचारता करायची आणि मग दोन्ही याद्या ताडून पाहायच्या. जुळलेली आणि न जुळलेली नावं मोजली की दोघांच्याही नजरेतून सुटलेल्यांचा अंदाज येतो. दोन याद्या ताडण्याच्या याच तत्त्वावर देशाची नमुना नोंदणी पद्धत उभी राहिली. 1964-65 मध्ये तिची चाचणी झाली आणि 1969-70 पासून ती देशभर लागू झाली. निवडलेल्या वस्त्यांत स्थानिक प्रगणक वर्षभर नोंद ठेवतो, दर सहा महिन्यांनी पर्यवेक्षक घरोघर स्वतंत्र पाहणी करतो, आणि ज्या नोंदी जुळत नाहीत त्यांची जागेवर जाऊन खातरजमा होते. 1971 मध्ये देशाचा बालमृत्युदर 129 होता. 2020 मध्ये तो 28 वर आला.

हे यश मोठं आहे. तरीही फारांचा प्रश्न इथे विचारायलाच हवा. 1937 मध्ये सिलोनचा, म्हणजे आजच्या श्रीलंकेचा, बालमृत्युदर 158 होता, म्हणजे आपल्या जवळपास बरोबरीचा. राज्यकर्ते तेच आणि गरिबीही होती. त्या देशाने गावोगाव सुईणी नेमल्या, उपचार मोफत ठेवले, मुलींना शिकवलं. आज श्रीलंकेचा दर एक आकडी आहे. आपल्याच देशात केरळचा दर 2020 मध्ये 6 होता आणि महाराष्ट्राचा 16. भोर 1914 ते 1919 या काळात ज्या कोचीन संस्थानाचे दिवाण होते, ते आज केरळात आहे. न्यूझीलंडचा आकडा ऐकून आपण म्हणू शकतो की तो देश श्रीमंत आहे. महाराष्ट्राला केरळसमोर असं काही म्हणता येत नाही.

आता हीच रीत नाशिक जिल्ह्यात आणायला हवी. निफाड तालुक्यातली द्राक्षं परदेशात जातात. त्याच जिल्ह्यात सुरगाणा आणि पेठ हे डोंगराळ आदिवासी तालुके आहेत. 16 हा राज्याचा आकडा दोन्हीकडचं सुखदुःख एकत्र मिसळून काढलेला आहे. नमुना नोंदणीचा वार्षिक बालमृत्युदर राज्यापर्यंत येऊन थांबतो. जिल्ह्याचं चित्र राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 2015-16 पासून दिसू लागलं, तेही मुख्यतः पोषण, लसीकरण, बाळंतपण यांचं. तालुक्याचा विश्वासार्ह दर हवा असेल तर प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू ग्रामपंचायतीच्या नोंदीत यायलाच हवा, दोन दिवस जगलेल्या बाळाचाही. महाराष्ट्राचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून नाशिकमध्ये आहे. दरवर्षी निफाड आणि सुरगाणा यांचे आकडे शेजारी शेजारी मांडण्याचं काम इथून सुरू व्हावं. या दोन तालुक्यांतलं अंतर म्हणजे वाचवता आली असती अशी बाळं, आणि त्यांची संख्या जिल्ह्याच्या आरोग्याचा निधी ठरवणाऱ्यांच्या टेबलावर दरवर्षी ठेवली गेली पाहिजे.