दीडशे रुपयांचं घर: करडे गावची जप्ती आणि १८७५ चा दख्खनचा उठाव

हे या भागाचं लिखित रूप. ऐकताना सन आणि आकडे निसटतात अशी बऱ्याच जणांची तक्रार असते, म्हणून ते इथे नीट मांडतोय.

सुरुवात वर्तमानपत्रापासून करू. मधल्या पानांवर बारीक अक्षरांतल्या चौकटी असतात, बघितल्यात ना? ‘ज्याअर्थी’पासून सुरू होणारं लांबलचक वाक्य. कर्जदाराचं नाव, जामीनदाराचं नाव, फ्लॅट नंबर, मजला, चौरस फूट. मग राखीव किंमत, अनामत रक्कम आणि ई-लिलावाची तारीख. विक्री ‘जसे आहे, जेथे आहे’ तत्त्वावर. आपण पान उलटतो. कुणी स्वस्तात फ्लॅट मिळेल का म्हणून थांबतं. पण त्या चौकटीत कुणाचं तरी घर असतं. त्या घराच्या भिंतीवर कुणीतरी पेन्सिलने पोरांची उंची मोजलेली असते.

आजचा प्रश्न असा: कर्जापायी घराचा जाहीर लिलाव होतो, तेव्हा कायदा नेमकं काय बघतो? कागद बघतो, की कागदामागची गोष्ट? आपल्याच महाराष्ट्रात दीडशे वर्षांपूर्वी या प्रश्नावरून गावंच्या गावं पेटली होती. आणि त्याची ठिणगी पडली एका पाडलेल्या घरातून.

करडे, डिसेंबर १८७४

पुणे जिल्ह्यातला शिरूर तालुका. तिथलं करडे गाव. गावात बाबासाहेब देशमुख नावाचे शेतकरी होते. घराणं जुनं, मानाचं. पण कर्जात बुडालेलं. काळूराम नावाच्या सावकाराने त्यांच्यावर दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला. हुकूमनामा म्हणजे कोर्टाचा निकाल, आजच्या भाषेत डिक्री. त्या हुकूमनाम्याच्या जोरावर देशमुखांना घराबाहेर काढलं गेलं आणि सावकाराने ते घर चक्क पाडायला घेतलं.

इथे जरा थांबा. सावकाराच्या हिशेबात घर म्हणजे काय? खांब, तुळया, दारं, चौकटी, दगड. मोडून विकलं तर पैसे. गावाच्या हिशेबात मात्र तो देशमुखांचा वाडा होता. कोर्टाच्या कागदावर यातला पहिला हिशेब बसत होता, दुसऱ्याला जागाच नव्हती.

गावाने काय केलं? मारामारी नाही, बहिष्कार. सावकारांच्या दुकानात कुणी पाऊल टाकेना. त्यांची शेतं कसायला माणूस मिळेना. न्हावी, परीट, सुतार, लोहार, चांभार, सगळ्यांनी काम बंद केलं. घरगडी निघून गेले. वैतागून सावकार तालुक्याच्या गावी निघाले, तर गाडी हाकायला गाडीवान मिळेना! ही लाट मग पुणे, नगर, सोलापूर आणि साताऱ्याच्या गावांत पसरली.

पण मुळात कर्ज एवढं झालं कसं?

सावकार काही इंग्रजांनी आणले नाहीत, पेशवाईतही ते होतेच. पण तेव्हा त्यांना गावाशी जुळवून घ्यावं लागायचं. एकट्या कागदाच्या बळावर कुणाची जमीन किंवा घर घेणं सोपं नव्हतं. १८१८ नंतर चित्र बदललं. रयतवारी पद्धतीत प्रत्येक शेतकऱ्याच्या नावावर जमीन लागली आणि सारा त्याने स्वतः, रोख भरायचा असं ठरलं. जमीन नावावर आली म्हणजे ती गहाण टाकता येऊ लागली, आणि म्हणून लिलावातही निघू लागली.

मग आला कापूस. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिथला कापूस इंग्लंडला जाईना, म्हणून मुंबईच्या कापसाचा भाव आभाळाला भिडला. मुंबईचे व्यापारी सावकारांना पैसा देत, सावकार खेड्यात उधारी वाटत. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळला, आणि वरपासून खालपर्यंत प्रत्येकाने आपली उधारी परत मागायला सुरुवात केली. त्यातच १८६७ मध्ये इंदापूरपासून साऱ्याची फेरआकारणी सुरू झाली. बऱ्याच ठिकाणी सारा ५० ते १०० टक्क्यांनी वाढला. म्हणजे उत्पन्न घटलं, सारा वाढला आणि नवं कर्ज मिळेना.

आता यातला सगळ्यात बोचरा भाग. १८५९ मध्ये सरकारने मुदतीचा कायदा केला. साध्या कर्जखतावर तीन वर्षांच्या आत दावा लावायचा, नाहीतर खत बाद. हेतू चांगला होता, व्याज वर्षानुवर्षं साचू नये. पण झालं उलटंच. दर तीन वर्षांनी सावकार शेतकऱ्याला बोलवायचा आणि मुद्दल अधिक व्याज मिळून नवं खत लिहून घ्यायचा. कालचं व्याज आज मुद्दल झालं!

मोबाईलवर कॅल्क्युलेटर उघडा, उदाहरण करून बघू. १०० रुपये कर्ज, दरसाल दरशेकडा २४ व्याज. तीन वर्षांचं व्याज ७२, म्हणून नवं खत १७२ चं. पुढच्या तीन वर्षांनी तेच खत २९६ चं. नऊ वर्षं झाली की ५०९ रुपये. आणि मधल्या काळात नवा एक रुपयाही शेतकऱ्याच्या हातात पडलेला नाही.

आपल्याकडे जुना दामदुपटीचा नियम होता: व्याज मुद्दलापेक्षा जास्त मागायचं नाही. त्या नियमाने १०० चे फार तर २०० झाले असते. पण दर तीन वर्षांनी खत नवं झालं की मुद्दलही नवं होतं, आणि दामदुपटीचा बांध आपोआप वर सरकतो. पुढे चौकशीत असं एक प्रकरण सापडलं, ज्यात १०० रुपयांच्या कर्जावर २००० रुपयांहून जास्त व्याज लावलेलं होतं.

कोर्टाला फक्त कागद दिसायचा

आता हे ५०९ रुपयांचं खत कोर्टात गेलं असं समजा. मुन्सफ काय बघणार? खत आहे का? आहे. खाली निशाणी आहे का? आहे. बस. मुळात हातात १०० पडले होते हे विचारायची पद्धतच नव्हती. शेतकऱ्याला समन्स वाचता यायचं नाही, तालुक्याला जायला खर्च, वकिलाला पैसे कुठून आणायचे? तो जायचाच नाही. मग एकतर्फी हुकूमनामा, मग जप्ती, मग लिलाव. शिवाय कर्जापायी तुरुंगात टाकायची धमकी डोक्यावर असायचीच.

आणि लिलाव म्हणजे तरी काय? जाहीर लिलावामागची कल्पना अशी की दहा माणसं बोली लावतील, योग्य भाव येईल, कर्ज फिटेल, उरलेले पैसे मालकाला मिळतील. पण कर्जात बुडालेल्या गावात बोली लावायला रोकड कुणाकडे होती? शेजाऱ्याचं घर लिलावात घ्यायला कुणाचं मन धजणार? अनेकदा बोली लावणारा एकच असायचा, ज्याने दावा लावला तोच सावकार. लिलाव म्हणायला जाहीर, पण बोली पडलेल्या भावाने सुटायची. म्हणजे घरही जायचं आणि कर्जही पूर्ण फिटायचं नाही.

सुपे, १२ मे १८७५

बहिष्काराला पाच महिने झाले होते. सुपे हे आज बारामती तालुक्यात असलेलं बाजाराचं गाव. १२ मे १८७५ ला तिथे आसपासच्या खेड्यांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांची मुख्य मागणी होती: वह्या द्या, खतं द्या. मिळालेले कागद त्यांनी रस्त्यात जाळले. धान्याची दुकानंही लुटली गेली, काही घरांना आगी लागल्या. मग पुणे आणि नगर जिल्ह्यांत ३० हून जास्त गावांत हेच घडलं.

यात दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, लोकांचा राग कागदावर होता. जिथे सावकाराने खतं मुकाट्याने दिली, तिथे बहुतेक वेळा त्याला हात लावला गेला नाही. ज्या कागदाने घर जातं तो कागदच संपवायचा, इतका सरळ विचार त्यामागे होता. दुसरी गोष्ट, जिचा अभिमान धरण्याचं कारण नाही. रोख मुख्यतः बाहेरून आलेल्या मारवाडी आणि गुजर सावकारांवर होता. पण रोख सारा मागणारं सरकार आणि एकतर्फी हुकूमनामे देणारी कोर्टं त्या आगीपासून लांबच राहिली.

सरकारने फौज पाठवली, ९५१ जणांना अटक झाली. १८५७ ला वीस वर्षंही झाली नव्हती, त्यामुळे वरची मंडळी घाबरलेली होती. चौकशीसाठी आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. आयोगाने दोष सावकारीला दिला आणि साऱ्याच्या वाढीला मात्र सोडून दिलं. तरी त्याने जमवलेल्या साक्षी आणि हिशेब आज आपल्याला ही गोष्ट सांगतात.

कोर्टाने मागे वळून बघायचं

१८७९ मध्ये दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी होता. त्यात तीन मोठ्या गोष्टी होत्या. एक, कोर्टाने फक्त खत बघायचं नाही, व्यवहाराचा सगळा इतिहास सुरुवातीपासून तपासायचा: मुळात किती दिले, किती फेडले, व्याज कुठे मुद्दलात घुसवलं. दोन, कर्जापायी शेतकऱ्याला कैद नाही. तीन, शेतकऱ्याची स्थावर मालमत्ता खास गहाण टाकलेली नसेल, तर ती जप्त करून विकायची नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुढे याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केलं.

मग सगळं छान झालं का? नाही. तिसऱ्या मुद्द्यातली फट सावकारांनी लगेच ओळखली. ‘गहाण टाकलेली नसेल तर’ ना? मग गहाणखतच लिहून घ्या. किंवा त्याहून पुढे, थेट खरेदीखत करून घ्या आणि तोंडी सांगा, पैसे दिलेस की परत करू. असल्या दिखाऊ खरेदीखतांसाठी पुढे कायद्यात दुरुस्ती करावी लागली. आणि हा प्रकार इतका चिवट निघाला की सावकारीत गेलेली मालमत्ता परत मिळवून देण्याची तरतूद २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यातही आहे.

तरी घराच्या बाबतीत एक गोष्ट टिकली. १८८२ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत शेतकरी राहतो त्या घराचं सामान, म्हणजे तेच खांब आणि तुळया, जप्तीतून वगळलेलं होतं. १९०८ ची संहिता आजही चालते. तिच्या कलम ६० मध्ये शेतकरी, मजूर आणि घरकामगार यांचं राहतं घर जप्तीपासून सुरक्षित आहे. अट तीच जुनी: तुम्ही स्वतः ते तारण दिलेलं नसावं.

आणि आपलं गृहकर्ज?

गृहकर्जात आपण सही करून घरच तारण देतो. म्हणून तिथे कलम ६० कामाला येत नाही. तिथे २००२ चा सरफेसी कायदा लागतो आणि बँकेला लिलावासाठी आधी दिवाणी कोर्टात जावं लागत नाही. म्हणजे १८७९ ला कोर्टाने जे मागे वळून बघायचं होतं, ते आता सुरुवातीला कुणी आपणहून बघत नाही. बघायला आपल्यालाच लावावं लागतं.

ते कसं? हप्ते ९० दिवस थकले की खातं एनपीए होतं. मग ६० दिवसांची मागणी नोटीस येते. तिला लेखी हरकत घेता येते आणि बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. इथेच विचारायचं: व्याज किती, दंड किती, कशावर लावला, हिशेब दाखवा. ताब्याची कारवाई झाली तर ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, अर्ज करता येतो. लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्याआधी थकबाकी खर्चासह भरली तर घर वाचतं. आणि लिलावात जास्त रक्कम आली, तर देणं वजा जाऊन उरलेले पैसे कर्जदाराचे असतात.

बऱ्याच घरांत ती पहिली नोटीस कपाटात ठेवली जाते. लाज वाटते, भीती वाटते, इंग्रजी कळत नाही. करड्याच्या काळात समन्स आलेल्या शेतकऱ्याचंही हेच व्हायचं. तो गेला नाही, म्हणून निकाल एकतर्फी लागला.

तेव्हा आज एक काम करा. आई-बाबांना विचारा, आपल्या कर्जाची फाईल कुठे आहे? खात्याचा उतारा काढा, मुद्दल किती उरलं आणि व्याज किती गेलं ते त्यांच्याबरोबर बसून बघा. आपल्या पूर्वजांना जो हिशेब मागायला कागद जाळावे लागले, तो मागायचा हक्क आज आपल्याकडे आहे. मात्र तो वेळेत मागायचा असतो.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि आलेली पाकिटं उघडत जा!