चॉकलेट क्रॅकल

चॉकलेट क्रॅकल हा ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या देशांत घरोघरी केला जाणारा, भट्टीत न भाजता केवळ थंड करून गोठवलेला गोड पदार्थ आहे. फुलवलेल्या तांदळाचे सीरियल, सुके खोबरे, कोकोची पूड, पिठीसाखर आणि घट्ट खोबरेल मेद हे त्याचे घटक होत. कागदाच्या लहान चुणीदार वाट्यांत त्याचे गोळे घातले जातात. मुलांचे वाढदिवस आणि शाळांच्या मदतनिधीसाठी भरणारे आनंदमेळावे ही त्याची ठरलेली स्थाने होत. ‘क्रॅकल’ हा शब्द दाताखाली होणाऱ्या कुरकुर आवाजाचा निदर्शक आहे.

== इतिहास ==
या पदार्थाची आजवर आढळलेली सर्वांत जुनी पाककृती ‘द ऑस्ट्रेलियन विमेन्स वीकली’ या साप्ताहिकाच्या डिसेंबर १९३७ मधील अंकात आहे. दक्षिण गोलार्धात डिसेंबर हा उन्हाळ्याचा महिना असल्याने नाताळच्या दिवसांत भट्टी न पेटवता होणाऱ्या गोड पदार्थांची तेथे सोय वाटणे स्वाभाविक होते. ‘व्हाइट ख्रिसमस’ ही दूधभुकटी, सुका मेवा आणि खोबरे घालून केलेली वडीही याच कुळातील आहे. अमेरिकेतील ‘राइस क्रिस्पीज ट्रीट्स’ हा पदार्थ १९३९ सालचा, म्हणजे क्रॅकलच्या छापील पाककृतीनंतरचा. त्याला क्रॅकलचा जनक मानणे त्यामुळे योग्य ठरत नाही. दोहोंत मूलभूत फरकही आहे. अमेरिकी पदार्थ मार्शमेलोने बांधला जातो आणि मार्शमेलोत सहसा प्राणिज जिलेटिन असते. क्रॅकलमध्ये तसा कोणताही घटक नसतो.

केलॉग्ज कंपनीचे ‘राइस बबल्स’ हे सीरियल (इतर देशांतील ‘राइस क्रिस्पीज’) या पदार्थाशी इतके जोडले गेले आहे, की त्याच्या खोक्यावरही ही कृती छापली जात आली.

== साहित्य आणि कृती ==
रूढ प्रमाण असे: राइस बबल्स ४ कप, पिठीसाखर दीड कप, खोबऱ्याचा सुका बारीक कीस (डेसिकेटेड कोकोनट) १ कप, कोको पावडर ३ मोठे चमचे आणि घट्ट खोबरेल मेद २५० ग्रॅम. यात साधारण २४ नग होतात. हा मेद ऑस्ट्रेलियात ‘कोफा’ आणि न्यूझीलंडमध्ये ‘क्रेमेल्टा’ या नावाने वडीच्या रूपात मिळतो.

कोरडे जिन्नस मोठ्या भांड्यात एकत्र करतात. मेद मंद आचेवर वितळेल इतकाच तापवून, किंचित निववून त्यावर ओततात, हलक्या हाताने कालवतात, वाट्यांत भरतात आणि शीतकपाटात ठेवतात. विस्तवाशी संबंध एवढाच. बहुसंख्य ऑस्ट्रेलियन मुलांच्या हातून होणाऱ्या पहिल्या काही पदार्थांत याची गणना होते ती यामुळेच. मेद वितळवण्याचे काम मात्र मोठ्यांनी करावे, असा संकेत आहे.

== गोठण्याची प्रक्रिया ==
आपल्याकडील कुरमुऱ्याचा लाडू गुळाच्या पाकाने बांधला जातो. पाक कच्चा राहिला तर लाडू सुटतो, पुढे गेला तर दगड होतो. क्रॅकलमध्ये पाक नाहीच. दाण्यादाण्यावर चढलेला मेदाचा पातळ थर थंड होऊन घट्ट झाला, की त्यानेच सर्व जिन्नस एकमेकांना धरून राहतात. पदार्थाचे सारे यशापयश म्हणूनच त्या मेदाच्या द्रवणांकावर अवलंबून असते.

साधे खोबरेल तेल सुमारे २४ ते २५ अंश सेल्सिअसला वितळते. हिवाळ्यात पुण्या-नाशकाकडे बाटलीत थिजलेले तेल सकाळी उन्हात ठेवावे लागते, हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. तेलाचे हायड्रोजनीकरण केले, की हा द्रवणांक शरीराच्या तापमानाच्या आसपास जातो. असा मेद टेबलावर घट्ट राहतो आणि तोंडात विरघळतो. खोबरेल तेलातील मेदाम्लांपैकी जवळजवळ निम्मे एकटे लॉरिक आम्ल असते, त्यामुळे ते हळूहळू मऊ न होता थोड्याच अंशांच्या टप्प्यात झटकन वितळते. वितळताना ते उष्णता शोषून घेते. जिभेला जाणवणारा गारवा त्याचाच.

अस्सल चॉकलेट वितळवून या मेदात घातले तर पदार्थ अधिक चांगला होईल, असा समज आढळतो. प्रत्यक्षात बहुधा उलटे घडते. चॉकलेटमधील कोको बटर आणि लॉरिक आम्लयुक्त मेद यांचे स्फटिक एकमेकांशी जुळत नाहीत. मिश्रण दोहोंपेक्षा मऊ राहते आणि त्यावर पांढुरकी बुरशीसारखी छटा येते. कोको पावडरीत कोको बटर अल्प असल्याने ती येथे योग्य ठरते. शुद्ध कोको बटर नीट गोठावे म्हणून करावी लागणारी तापमानाची काटेकोर सांभाळणीही मग टळते.

पाणी हा या पदार्थाचा शत्रू होय. लोण्यात सुमारे १६ टक्के पाणी असते. ते वापरल्यास दाणे सादळतात. ओले खोबरे त्याहून घातक. ओलाव्याने खोबरेल मेदाचे विघटन होऊन लॉरिक आम्ल मोकळे होते आणि साबणासारखी चव येते. ही उपमा नुसती अलंकारिक नाही, कारण खोबरेल तेलाच्या साबणात याच आम्लाचा क्षार असतो.

== आहारदृष्ट्या ==
पदार्थाची सर्व गंमत ज्या घटकात आहे, आक्षेपही त्यालाच आहे. वरील प्रमाणाने एका नगात कोफाचे १० ग्रॅमहून अधिक आणि खोबऱ्याचे मिळून सुमारे १२ ग्रॅम संपृक्त मेद येतात. साखर साधारण १० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दिवसाच्या एकूण ऊर्जेपैकी संपृक्त मेदांचा वाटा १० टक्क्यांपेक्षा अधिक नसावा. रोज १,५०० किलोकॅलरी लागणाऱ्या बालकासाठी ही मर्यादा १७ ग्रॅमच्या आत येते, म्हणजे एकच नग तिचा दोन-तृतीयांश भाग व्यापतो. खोबरे ‘नैसर्गिक’ आहे या कारणाने हा हिशेब बदलत नाही.

ट्रान्स मेदांविषयीची भीती मात्र येथे तितकीशी लागू नाही. ते मुख्यतः असंपृक्त तेलांच्या अर्धवट हायड्रोजनीकरणात निर्माण होतात आणि खोबरेल तेलात असंपृक्त मेद मुळातच १० टक्क्यांच्या आसपास असतात. राइस बबल्समध्ये जवाच्या माल्टचा अंश असल्याने, पदार्थ तांदळाचा असूनही ग्लुटेन वर्ज्य असणाऱ्यांना तो चालत नाही.

== भारतात करताना ==
भारतीय बाजारात कोफा सहजी मिळत नाही. वनस्पती तुपाचा लेप जिभेवर रेंगाळतो, म्हणून तो पर्याय समाधानकारक नाही. खाद्य प्रतीचे खोबरेल तेल वापरता येते (डोक्याला लावायचे सुवासिक तेल अर्थातच नव्हे). परंतु मुंबई वा कोकणच्या हवेत असा क्रॅकल शीतकपाटाबाहेर काही मिनिटांतच पाझरू लागतो. घरगुती चॉकलेटे करणारे ‘कंपाउंड’ या नावाची जी वडी वापरतात, तिच्यात बहुधा पाम गरातील लॉरिक जातीचाच मेद असतो. तिच्यात थोडे खोबरेल तेल मिसळल्यास मिश्रण बिघडत नाही आणि नुसत्या तेलापेक्षा अधिक टिकते. कंपाउंडमध्ये साखर आधीच असल्याने पिठीसाखर मात्र त्या मानाने कमी करावी लागते.

राइस बबल्सऐवजी कुरमुरे घेतल्यास ते मंद आचेवर पुन्हा कुरकुरीत होईपर्यंत परतून पूर्ण निवू द्यावे लागतात; गरम कुरमुऱ्यांवर मेद ओतला तर तो दाण्यांवर न राहता भांड्याच्या तळाशी उतरतो.