तारांमधला इतिहास: जुनी मोटार कशी वाचावी?

१/
रेडीहून दक्षिणेला निघाले की तेरेखोलचा किल्ला लागतो आणि गोवा सुरू होतो. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत ही स्वतंत्र भारत आणि पोर्तुगीज सत्ता यांच्यामधली सीमा होती. अल्याड मोजक्या देशी कारखान्यांच्या मोटारी, पल्याड युरोपातून थेट उतरलेल्या. त्यामुळे या पट्ट्यात जुन्या मोटारीचे बॉनेट उघडणे म्हणजे एखादे जुने दप्तर सोडण्यासारखेच आहे. #थ्रेड

२/
या दप्तरात दोन कोडी हमखास सापडतात. एक, नाव-गाव नसलेला सुटा भाग. दोन, कुठून निघते आणि कुठे जाते हे न कळणारी तार. मिती नसलेल्या मोडी पत्राचा काळ आपण ज्या रीतीने ठरवतो, त्याच रीतीने ही कोडीही सुटतात. आधी बाह्य पुरावा, मग अंतर्गत पुरावा, शेवटी दोहोंचा मेळ.

३/
बाह्य पुरावा म्हणजे आरसी बुक आणि नंबर प्लेट. इथे कालविसंगती लगेच उघडी पडते. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. साहजिकच 'एमएच ०७' ही पाटी १९६५ च्या मोटारीची पहिली पाटी असूच शकत नाही. तिच्यामागे आणखी एक नोंदणी, कदाचित आणखी एक शहर आणि आणखी एक मालक दडलेला असतो.

४/
आता थोडी पार्श्वभूमी. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. तिचा कारखाना कुर्ल्याला. १९५३ च्या टॅरिफ कमिशननंतर धोरण स्पष्ट झाले: नुसती जुळणी चालणार नाही, सुटे भागही इथेच घडवावे लागतील. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी काढता पाय घेतला.

५/
प्रीमियरने मात्र फियाटशी केलेला करार पुढे नेला. १९५० च्या दशकातली गोलमटोल फियाट ११०० मुंबईत 'डुक्कर फियाट' म्हणून ओळखली गेली. १९६४ मध्ये ११००-डी आली. १९७२ मध्ये ती 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी'. इटलीत ११०० चे उत्पादन १९६९ मध्येच थांबले होते. इथे तेच १०८९ सीसीचे इंजिन शतक संपेपर्यंत घडत राहिले.

६/
या दीर्घायुष्याचा परिणाम संशोधकाला त्रासदायक आहे. १९८८ च्या पद्मिनीतले कितीतरी भाग १९६६ च्या फियाटमध्ये बिनबोभाट बसतात. म्हणून 'भाग बसतो' हा तो मूळचा असल्याचा पुरावा नव्हे. अक्षर जुळते म्हणून पत्र अस्सल ठरत नाही, तसेच हे. अस्सल, नक्कल आणि बनावट यांतला भेद राजवाड्यांनी कागदांबाबत जितक्या कठोरपणे पाहिला, तितक्याच कठोरपणे इथेही पाहावा लागतो.

७/
अंतर्गत पुराव्याची सुरुवात खुणांपासून होते. उत्तम उदाहरण जीपचे. दुसऱ्या महायुद्धात एकाच आराखड्याच्या जीप विलिस आणि फोर्ड या दोघांनी बनवल्या. फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरही, 'एफ' हे अक्षर उठवले. युद्धानंतर सर्व सरमिसळ झाली, तरी ते एक अक्षर आजही बोलते. महिंद्रांनी १९४९ पासून मुंबईत विलिस जीप जुळवायला सुरुवात केली, ती परंपरा याच वंशातली.

८/
ल्युकस या ब्रिटिश कंपनीने तर काम आणखी सोपे केले. तिच्या डायनॅमो, डिस्ट्रिब्युटर, वायपर मोटर अशा भागांवर महिना आणि वर्ष ठोकलेले असते. '६ ५९' म्हणजे जून १९५९. ताम्रपटावरची मितीच म्हणा ना! मात्र ही मिती त्या भागाची, मोटारीची नव्हे. कोणतीही जुळणी तिच्यातल्या सर्वांत तरुण भागाइतकीच जुनी असते.

९/
खूण नसेल तर द्रव्य पाहावे. रबरावर सुती विणीचे वेष्टन असलेली तार जुनी, गुळगुळीत प्लास्टिकची तार नंतरची. ब्रिटिश गाड्यांत गोळीच्या आकाराचे जोड आधीचे, चपट्या पात्यांचे जोड पुढचे. फियाटचे पुढचे दार मागच्या बिजागरीवर उघडत असेल तर ती गाडी ११००-डीच्या आधीची.

१०/
झीजही बोलते. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी आहत नाणी तराजूत तोलून, त्यांच्या झिजलेल्या वजनावरून चलनाचा इतिहास मांडला. तीच दृष्टी इथे ठेवावी. रंगाखालचा रंग, स्क्रूची रिकामी भोके, एखाद्या पट्टीच्या जागी उरलेला उजळ चौकोन ही सारी अनुपस्थित भागांची साक्ष आहे. काय आहे याइतकेच, काय नाहीसे झाले हेही नोंदवावे.

११/
आता तारा. तारांना व्याकरण असते. ब्रिटिश पद्धतीत तपकिरी तार बॅटरीचा कायम प्रवाह, पांढरी किल्ली फिरवल्यावरचा, हिरवी त्याच प्रवाहाची फ्यूजनंतरची शाखा, निळी हेडलाइटची, तांबडी पार्किंग दिव्यांची, काळी अर्थची. मुख्य रंगावरची बारीक रेघ हा जणू प्रत्यय: निळ्यावर पांढरी म्हणजे अप्पर, निळ्यावर तांबडी म्हणजे डिपर.

१२/
जर्मन पद्धत अंकांची. ३० म्हणजे बॅटरी, १५ किल्ली, ३१ अर्थ, ५० स्टार्टर, ५६-ए अप्पर, ५६-बी डिपर. भारतात दोन्ही परंपरा नांदल्या. बॉशशी नाते असलेली मायको १९५१ मध्ये बंगळुरात उभी राहिली, ल्युकस-टीव्हीएस १९६१ मध्ये मद्रासला. मूळ इटालियन फियाटमध्ये माग्नेती मारेल्लीचे भाग. एकाच मोटारीत तीन देशांची लिपी आढळली तर नवल नाही.

१३/
आणि चौथी लिपी मिस्त्रीची! टंचाईच्या काळात हाती येईल त्या रंगाची तार जोडली गेली. म्हणून रंगावर विश्वास ठेवावा, पण पडताळून. बॅटरी सोडवून, मल्टिमीटरने तारेची दोन्ही टोके एकच आहेत का हे पाहावे आणि चिठ्ठी बांधावी. चिठ्ठी बांधल्याशिवाय एकही तार कापू नये. संदर्भ हरवलेली तार म्हणजे उत्खननात जागा न नोंदवता उचललेले खापर.

१४/
दोष शोधताना किनाऱ्यावर पहिला संशय अर्थवर घ्यावा. मोटारीचा पत्रा हाच प्रवाहाचा परतीचा रस्ता असतो. खाऱ्या वाऱ्याने पत्रा आणि तारेचा जोड गंजतो, वर खाणीच्या वाटेवरची तांबडी धूळ बसते. मग एका बाजूचा इंडिकेटर लावला की मागचा दिवाही मिणमिणतो. दिवा बिघडलेला नसतो. परतीची वाट बंद झाल्याने प्रवाह दुसऱ्या दिव्यातून वाट काढत असतो.

१५/
पडताळा सोपा आहे. ऋण अर्थिंगच्या गाडीत दिवा चालू ठेवून मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरे दिव्याच्या धातूच्या कवचाला लावावे. आकडा शून्याजवळ हवा. अर्धा व्होल्ट किंवा अधिक दिसला तर दोष अर्थचा. मात्र कित्येक जुन्या ब्रिटिश गाड्यांत धन टोक पत्र्याला जोडलेले असते. ते आधी पाहावे, नाहीतर नवा भाग जोडताक्षणी जळतो.

१६/
रात्रीत बॅटरी उतरत असेल तर सर्व बंद करून अँपिअर मीटर बॅटरीच्या वाटेत जोडावा आणि एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजला आकडा पडतो, त्या शाखेत चोर. शाखेच्या मधोमध तपासावे, मग उरलेल्या अर्ध्याच्या मधोमध. फ्यूजच्या जागी जाड तार घालणे म्हणजे साक्षीदाराला गप्प करणे. जो भडका फ्यूज गिळतो, तो मग तारांचा जुडगा गिळतो.

१७/
सर्वांत धोकादायक ठिकाण म्हणजे दोन काळांचा सांधा. ल्युकसच्या सी-४० डायनॅमोची क्षमता २२ अँपिअर. पुढे तिथे अधिक ताकदीचा अल्टरनेटर बसवला गेला, पण डॅशबोर्डवरचा अ‍ॅमीटर आणि त्याच्या तारा जुन्याच राहिल्या. भार वाढला की त्या तापतात. जुना कटआउट डबा निव्वळ जोडपेटी म्हणून तसाच लटकलेला दिसतो. 'हा डबा कशाचा?' या कोड्याचे उत्तर बहुधा इथेच असते.

१८/
हे सारे निव्वळ हौसेपुरते नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली, मूळ स्वरूपात राखलेली बिगर-व्यापारी मोटार त्यांत बसते आणि तिला 'व्हीए' अक्षरांची पाटी मिळते. चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेला नसावा, अशी अट आहे. त्या व्याख्येत तारांचा उल्लेख नाही. म्हणजे तारांच्या नोंदीची जबाबदारी आपलीच.

१९/
पण 'मूळ' म्हणजे काय? सगळे देशी बदल उपटून इटालियन भाग बसवले तर मोटार देखणी होईल, पण ४० वर्षांचा भारतीय इतिहास पुसला जाईल. टंचाई, परवाने, कुर्ल्याच्या भंगार बाजारातली शोधाशोध, मिस्त्रीचा हात हे सगळे त्या तारांतच नोंदलेले आहे. माझे मत असे: धोकादायक बदल काढावा, निरुपद्रवी बदल राखावा, आणि दोन्हींचे छायाचित्र काढून तारखेसह लिहून ठेवावे.

२०/
मुंबईत पद्मिनीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि २० वर्षांच्या मर्यादेने ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. मोटारी संग्रहालयात ठेवता येतात. त्या दुरुस्त करणाऱ्या पिढीच्या हातातले ज्ञान मात्र लिहून घेतल्याविना उरत नाही. तुमच्या गावातल्या जुन्या वायरमनकाकांकडे वही घेऊन जा. कोणती तार कुठे जाते, एवढेच विचारा. ते बोलू लागले की लिहीत राहा.