नक्कल ते प्रतिमा : हार्ड डिस्कच्या प्रतीची विश्वसनीयता

विषयप्रवेश :
मूळ व नक्कल यांतील भेद इतिहासाच्या अभ्यासकास नवा नाही. हस्तलिखितांच्या प्रती होताना शिरलेले अपपाठ दूर करण्यासाठी एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीचे पाठशुद्धीकरण केले. 1898 मध्ये वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड प्रसिद्ध केला. अशा छापील साधनांचा आधार घेणाऱ्यापुढेही प्रत मुळाशी कितपत जुळते, हा प्रश्न असतोच. आज तोच प्रश्न संगणकाच्या हार्ड डिस्कबाबत उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात त्याचा थोडक्यात परामर्श घेतला आहे.

सोयीसाठी प्रत :
डिस्कची संपूर्ण प्रतिमा घेण्याचे तंत्र प्रथम रुजले ते श्रम वाचविण्यासाठी. न्यूझीलंडमधील मरे हॅझार्ड यांनी 1990 च्या दशकाच्या मध्यास 'घोस्ट' ही प्रणाली तयार केली. 1998 मध्ये ती सिमँटेक कंपनीकडे गेली. एक संगणक सिद्ध करावयाचा व त्याची प्रतिमा प्रयोगशाळेतील उर्वरित संगणकांवर उतरवावयाची, ही पद्धत महाविद्यालयांच्या परिचयाची आहे. येथे प्रत चालली म्हणजे पुरे. ती मुळाशी तंतोतंत जुळते काय, हे कोणी विचारीत नाही.

पुराव्यासाठी प्रत :
माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 अन्वये भारतीय पुरावा अधिनियमात कलम 65-ब समाविष्ट झाले आणि प्रतीस प्रमाणपत्राची अट आली. या कलमाचा अर्थ ज्या खटल्यात स्थिर झाला, तो महाराष्ट्रातील होय. 2014 च्या जालना विधानसभा निवडणुकीतील उमेदवारी अर्ज मुदतीनंतर स्वीकारले गेले काय, हा त्यातील वाद होता. पुरावा म्हणून निवडणूक कार्यालयातील चित्रीकरणाच्या तबकड्या सादर झाल्या. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी निर्णय दिला. मूळ उपकरणच न्यायालयात सादर करून सिद्ध केल्यास प्रमाणपत्र नको. प्रत सादर केल्यास मात्र ते अनिवार्य, असे त्याचे सार आहे.

न्यायवैद्यक प्रतिमा ही साध्या फाइल-नकलेहून भिन्न असते. तीत डिस्कचा प्रत्येक सेक्टर उतरविला जातो. त्यामुळे पुसलेल्या फाइलींचे उरलेले अंशही प्रतीत येतात. मूळ डिस्कवर काही लिहिले जाऊ नये म्हणून मध्ये राइट ब्लॉकर जोडतात. नंतर मूळ व प्रत या दोहोंचे हॅश मूल्य काढून ताडून पाहतात. एक बिट बदलला तरी हे मूल्य बदलते. 1 जुलै 2024 पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालील प्रमाणपत्रात हे मूल्य नोंदविणे आवश्यक ठरले आहे. नकलनविसाच्या सचोटीवरील विश्वास आता अशा रीतीने पडताळणीयोग्य संख्येवर आला आहे. मात्र प्रतिमा घेण्यापूर्वीच डिस्कमध्ये फेरफार झाला असेल, तर हे मूल्य त्याविषयी मौन पाळते.

निष्कर्ष :
1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली व 95 गावांच्या जमिनीवर नवी मुंबई वसली. या शहराचा अर्वाचीन इतिहास मोडी दफ्तरांत नाही. भूसंपादन, साडेबारा टक्के योजनेतील भूखंड, संस्थांचे कामकाज यांच्या अलीकडील नोंदी उत्तरोत्तर संगणकातच होत आहेत. महाविद्यालयांत जुने संगणक निर्लेखित होताना त्यांतील नोंदी त्यांच्यासमवेत जातात. तत्पूर्वी डिस्कची प्रतिमा घेणे, हॅश मूल्य व दिनांक नोंदवहीत लिहिणे आणि प्रत स्वतंत्र ठेवणे, हे काम केवळ तंत्रज्ञांचे नव्हे. आजची अशी प्रत हेच उद्याच्या इतिहासकाराचे साधन आहे, याची जाणीव इतिहास विभागांनी ठेवणे अगत्याचे आहे.