आगरदांड्याच्या खाडीकाठचा वाढदिवस : तिथी, दाखला आणि छायाचित्र

रायगड जिल्ह्याच्या मुरूड तालुक्यात राजपुरी खाडीच्या उत्तर काठावर आगरदांडा हे बंदराचे गाव वसले असून, पैलतीरावर श्रीवर्धन तालुक्यातील दिघी आणि खाडीच्या मुखाशी जंजिऱ्याचा पाणकोट अशी त्याची जागा आहे. १९४८ मध्ये विलीनीकरण होईपर्यंत हा मुलूख सिद्दी नवाबांच्या जंजिरा संस्थानात मोडत होता, नंतर तो कुलाबा जिल्ह्यात आला आणि १९८१ मध्ये त्या जिल्ह्याचेच नाव रायगड झाले. या पट्ट्यातील, किंबहुना एकूणच कोकणातील, जुन्या घरांत पत्र्याच्या ट्रंकेत जपलेली छायाचित्रे काळजीपूर्वक पाहिली तर त्यांत बारशाचे, जावळाचे, मुंजीचे, लग्नाचे चित्र भेटते. मुलाच्या वाढदिवसाचे चित्र मात्र विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन-तीन दशकांआधी क्वचितच आढळते. ही उणीव केवळ कॅमेऱ्याच्या दुर्मीळपणामुळे आलेली नाही. दरवर्षी एका ठरावीक तारखेला एकाच मुलाचे कौतुक करण्याची रीत बहुसंख्य घरांत रुजलेलीच नव्हती, आणि ती रुजण्यात शाळेच्या दाखल्याचा जेवढा वाटा आहे तेवढाच छायाचित्राचाही आहे.

धर्मशास्त्राला हा विधी अपरिचित होता असे मात्र म्हणता येणार नाही. पंढरपूरच्या काशिनाथशास्त्री उपाध्ये यांनी १७९० च्या सुमारास रचलेल्या 'धर्मसिंधु' या ग्रंथात, जो पुढे महाराष्ट्रातील भिक्षुकांचा रोजचा आधार ठरला, 'वर्धापन' या नावाने जन्मतिथीचा विधी सांगितला आहे. त्यात अभ्यंगस्नानानंतर दीर्घायुषी मार्कंडेय, अश्वत्थामा-बळी-व्यासादी सात चिरंजीव आणि बालकांची रक्षक मानलेली षष्ठीदेवी यांचे पूजन करून तीळ व गूळ घातलेले दूध प्यावे, तसेच त्या दिवशी नखे-केस कापणे, कलह, मांसाहार आणि प्रवास टाळावा, असे विधिनिषेध आहेत. परंतु हा विधी पंचांग वाचणाऱ्या आणि पत्रिका करून ठेवणाऱ्या थोड्या घरांपुरता होता. उरलेल्या गावाला दरसाल साजरा होणारा जन्मदिवस माहीत होता तो देवाचा : रामनवमीला आणि गोकुळाष्टमीला पाळणा हलवून, सुंठवडा वाटून जो जन्म होई, त्याला सारे गाव जमे, आणि हीच गंमत पोरांच्याही वाट्याला येई.

माणसाच्या मुलाचे सोहळे 'पहिलेपणा'चे होते. पाचवीची पूजा, सहाव्या रात्री बाळाच्या कपाळी नशीब लिहायला येणाऱ्या सटवाईसाठी मांडलेला कोरा कागद व लेखणी, बाराव्या दिवसाचे बारसे, पहिला घास भरवण्याचे उष्टावण, गर्भाचे केस उतरवण्याचे जावळ, पहिल्या संक्रांतीचे बोरन्हाण अशी ही साखळी मुलाच्या पहिल्या काही वर्षांत दाटीने येते आणि मग एकदम विरळ होते. याचे कारण भावनेपेक्षा मृत्यूच्या आकड्यांत शोधावे लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार अर्भकांपैकी दोनशेच्या आसपास वर्षाच्या आत दगावत, आणि अशा काळात मूल पाचवी ओलांडते, दात येईपर्यंत जगते, जावळापर्यंत पोचते, हीच साजरी करण्याजोगी गोष्ट होती. आधीची मुले न जगलेल्या घरांत पुढच्या मुलाचे नाव दगडू, धोंडू किंवा भिकू ठेवून त्याच्याकडे कोणाचे, अगदी दैवाचेही, लक्ष जाणार नाही अशी तजवीज करीत. तेथे त्याचे वय दरवर्षी चारचौघांत मोजून दाखवणे हे दृष्ट लावून घेण्यासारखेच ठरले असते.

मुलांसाठी वर्षाचे जे दिवस राखलेले होते ते घरातील सर्व लेकरांचे मिळून असत. श्रावणातल्या शुक्रवारी भिंतीवर जिवतीचा कागद लावतात. नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, लेकुरवाळ्या जरा-जिवंतिका आणि हत्ती-वाघावर बसलेले बुध-बृहस्पती अशी चित्रे असलेला हा छापील कागद पुजून, पुरणाचा नैवेद्य दाखवून आई मुलांना ओवाळते, आणि जे मूल घरी नसेल त्याच्यासाठी चारी दिशांना अक्षता टाकते. नोकरीसाठी मुंबई गाठणाऱ्या कोकणच्या घरांत या अक्षतांना फार अर्थ होता, कारण पावसाळ्यात समुद्र खवळला की किनाऱ्याची आगबोट-वाहतूक बव्हंशी बंद पडे आणि श्रावणातला मुलगा डोळ्यांना दिसणे दुरापास्त असे. छायाचित्र घरात येण्यापूर्वी, दूरच्या लेकरासाठी ज्या कागदासमोर आईने हात जोडले तो हा कागद होता, हे कुटुंब-छायाचित्रांच्या इतिहासकाराने विसरू नये.

खाडीकाठच्या समाजाची वीण एकाच धर्माची नसल्याने रीतीही अनेक होत्या. कोकणी मुसलमान घरांत सातव्या दिवशी केस उतरवून कुर्बानी करण्याचा अकीका आणि मूल चार वर्षे, चार महिने व चार दिवसांचे झाले की त्याला पहिले अक्षर गिरवायला लावण्याचा बिस्मिल्लाचा समारंभ हे दोन मोठे प्रसंग असत. उत्तरेकडील दरबारी परंपरेतील 'सालगिरह', म्हणजे प्रत्येक सरत्या वर्षाची एक गाठ दोऱ्याला मारण्याची चाल, ही मुख्यतः श्रीमंत आणि राजघराण्यांच्या वळणाची होती. मुघल बादशहा तर जन्मदिवशी सोन्या-चांदीने स्वतःची तुला करवून घेत. कुलाबा किनाऱ्यावरील मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल ज्यू समाजात आठव्या दिवशी सुंता होई आणि कोणत्याही मंगल प्रसंगी किंवा नवस फेडताना 'मलिदा' मांडला जाई. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे यांचे हे ताट एलियाहू पैगंबराच्या स्मरणार्थ असते, आणि १९४८ नंतर इस्राएलला गेलेल्या या कुटुंबांनी ते तिकडेही टिकवले आहे.

वय मोजण्याची रीत हा या विषयाचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. मासेमारी करणाऱ्या कोळ्याला तिथी ही धर्मकृत्यापेक्षा कामाची गोष्ट होती, कारण तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते हा हिशोब कोकण किनाऱ्यावर सर्वत्र चालतो : चतुर्थीला सुमारे तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता आणि पुनवेला-अवसेला बाराच्या सुमारास पाणी भरते. पुनव-अवसेच्या मोठ्या भरतीला उधाण आणि अष्टमीच्या आसपासच्या कमजोर पाण्याला भांग म्हणतात, आणि ज्याला हे हिशोब तोंडपाठ असत त्याला मुलाचा जन्म नारळी पुनवेच्या कोणत्या बाजूला झाला हे आठवणे अवघड नव्हते. आठवत नसे ते साल. ते एखाद्या ठळक घटनेला बांधून ठेवले जाई : १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ, १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अवसेच्या दिवशी, मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली तो दिवस, गांधीहत्या, संस्थान गेले ते साल. शिरगणतीच्या अहवालांत वयांचे आकडे शून्य आणि पाच या अंकांपाशी गर्दी करतात ते यामुळेच. लोक खोटे सांगत नव्हते, अंदाज सांगत होते.

हा अंदाज शाळेच्या दारात चालेना. नाव दाखल करताना हजेरीपटाला तारीख लागे, पालकांना तिथी आणि प्रसंग आठवे, आणि शाळा जूनमध्ये सुरू होत असल्याने गुरुजी वयाची अट बसेल असे साल धरून '१ जून' लिहून मोकळे होत. महाराष्ट्रातील एका संपूर्ण पिढीचा कागदोपत्री जन्म असा एकाच दिवशी झाला आहे, आणि गंमत म्हणजे एस.टी.ची पहिली बसही पुणे-अहमदनगर मार्गावर १ जून १९४८ रोजीच धावली, त्यामुळे एस.टी.च्या वाढदिवसालाही या लाखो सवंगड्यांची साथ आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानंतर आणि बाळंतपणे घरातून दवाखान्यात सरकल्यावर खऱ्या तारखा कागदावर येऊ लागल्या. तिथीचा वाढदिवस दरवर्षी इंग्रजी दिनदर्शिकेत पुढेमागे सरकत असे. तारखेचा वाढदिवस स्थिर झाला, आणि शाळेत वर्गासमोर उभे राहून रावळगावच्या गोळ्या वाटण्याची नवी रीत याच स्थिर तारखेवर उभी राहिली. मे महिन्यात जन्मलेली मुले या मानाला मुकत, ही तक्रार त्या पिढीत सर्वत्र ऐकू येते. एक जूनवाल्यांचे तर वाटणेच खुंटले, कारण त्या दिवशी शाळा बहुधा उघडलेलीच नसे.

छायाचित्रणाची कला मुंबईत लवकर आली. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या काळातील नामांकित छायाचित्रकार होते. जंजिऱ्याच्या नवाब घराण्याची छायाचित्रे एकोणिसाव्या-विसाव्या शतकाच्या संधिकाळापासून मिळतात, परंतु सामान्य कुटुंबाला त्यासाठी मुंबईतील किंवा मोठ्या गावातील स्टुडिओ गाठावा लागे, आणि 'फोटो काढला की आयुष्य घटते' हा समजही आड येई. तरीही पांढरपेशा घरांत मुलाचे एक छायाचित्र आवर्जून काढले जाई, ते बोरन्हाणाचे. काळे झबले, त्यावर मंद आचेवर पाक घालीत काटा आणलेल्या पांढऱ्या हलव्याचे मुकुट, बाजूबंद, हार, मुलगा असल्यास हातात हलव्याची बासरी, आणि पाटाभोवती सांडलेली बोरे, चुरमुरे व उसाचे करवे : कृष्णधवल चित्रासाठी याहून सोयीचा पोशाख कोणी मुद्दाम आखूनही सापडला नसता. अशा चित्राकडे जवळून पाहिले तर आणखी दोन गोष्टी दिसतात. जुन्या काचा आणि फिल्मा तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळ्या असल्याने कपाळाचे कुंकू काळे उमटते, त्यामुळे कुंकू कोणते आणि दृष्टीची तीट कोणती हे रंगावरून ठरत नाही, जागेवरूनच ठरवावे लागते; आणि मूल हलले तर चित्र बिघडत असल्याने चौकटीच्या कडेला बांगड्यांचा एखादा हात मुलाला सावरताना राहून जातो, ज्याच्या मालकिणीचे नाव त्या छायाचित्रामागे सहसा लिहिलेले नसते.

साठ-सत्तरच्या दशकात बडोद्यात तयार होणारा 'आग्फा क्लिक थ्री' हा साधा कॅमेरा मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला आणि मुंबईकर काका-मामांच्या गळ्यात अडकून उन्हाळी सुट्टीत कोकणात पोचू लागला. एका रोलवर बारा चित्रे निघत, म्हणून ती जपून काढली जात. शिवाय त्याला भरपूर उजेड लागे. वाढदिवसाचे खरे कर्म, म्हणजे तिन्हीसांजेला देवापुढे पाट मांडून, निरांजन, सुपारी आणि सोन्याच्या अंगठीने केलेले औक्षण, मात्र अंधाऱ्या माजघरात होई. म्हणून त्या काळच्या चित्रांत ओवाळणे नाही, शिऱ्याची वाटी नाही. आहे तो अंगणात, माडाच्या बुंध्याशी, उन्हाने डोळे बारीक केलेला नव्या कपड्यांतला मुलगा. पावसाळी महिन्यांत जन्मलेल्यांच्या वाट्याला तेही क्वचितच आले. ऐंशीच्या दशकात फ्लॅश असलेले स्वस्त कॅमेरे आणि रंगीत फिल्म आल्यावर प्रथमच घरातील संध्याकाळ चित्रात उतरली, आणि त्याच सुमारास बेकरीतला केक, मेणबत्त्या, टोकदार टोप्या आणि इंग्रजी गाणे हेही घरात शिरले. मेणबत्त्यांचा केक मूळचा जर्मनीतल्या मुलांच्या सोहळ्यातला. पण कोकणात त्याने औक्षणाला हुसकावले नाही. आधी ओवाळणे आणि मग केक हा क्रम बहुतेक घरांनी आपणच ठरवून टाकला. ज्योत विझवणे अशुभ मानणाऱ्या आजीने निरांजन बाजूला सरकवून ठेवावे आणि नातवाने मेणबत्त्या फुंकाव्यात, ही तडजोड कोणत्याही धर्मग्रंथाला न विचारता झाली, आणि ती शहाणपणाची होती असेच म्हणावे लागते.

दुर्दैव असे की या रंगीत चित्रांचे आयुष्य त्यांच्या कृष्णधवल थोरल्या भावंडांपेक्षा कमी ठरले आहे, कारण कृष्णधवल चित्र चांदीच्या कणांनी बनते आणि रंगीत चित्र उडून जाणाऱ्या रंगद्रव्यांनी. समुद्राची दमट हवा, बुरशी, चिकट पानांचे अल्बम आणि ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेले निसर्ग चक्रीवादळ, ज्यात असंख्य घरांची कौले आणि पत्रे उडून सामान भिजले, यांनी उरलेल्या ठेव्यालाही धक्का दिला आहे. मोबाइलने फोटो काढून ठेवल्याने चित्र वाचते, परंतु मागच्या बाजूचा मजकूर, स्टुडिओचा शिक्का आणि कागदाची जात निसटते. म्हणून दोन्ही बाजूंचे फोटो घ्यावेत. ज्यांच्या घरी अशी ट्रंक असेल त्यांनी ती कोरड्या दिवसात उघडावी, घरातील वडीलधारे शेजारी असताना प्रत्येक चित्रामागे मऊ पेन्सिलीने माणसांची नावे, नाते, गाव आणि आठवत असेल ती तिथी लिहावी, आणि दाखल्यावर १ जून असलेल्यांची आईने सांगितलेली जन्मवेळही त्याच ठिकाणी नोंदवावी; कारण ती नोंद कोणत्याही सरकारी दप्तरात मिळणार नाही.